मोहाखालची हजेरी

पाचवीच्या वर्गातली अकरा मुलं दारू पिऊन शाळेत येतात, असं मी एकदा भर पालकसभेत उभं राहून सांगितलं होतं.

नुसतं सांगितलं नव्हतं, पुराव्यासकट सांगितलं होतं. पुरावे दोन. एक, मुलं वर्गात पेंगतात. दोन, त्यांच्या अंगाला मोहाचा, म्हणजे ज्याच्या फुलांची दारू गाळतात त्या झाडाचा, वास येतो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरी नवीकोरी होती, आणि गोंदिया शहरात वाढल्यामुळे जंगलाबद्दल मला सगळंच माहीत होतं.

यंदा मोह पडायला लागला आणि ती सभा पुन्हा आठवली. दर वर्षी आठवते, चुकत नाही. आता आम्ही गोंदियाजवळच्या कुडव्याला राहतो. घराच्या आसपास मोहाचं झाड नाही, किराणा दुकानं आहेत आणि नवीन बांधकामाची वाळू आहे. पण सकाळी गाडीवरून शाळेत जाताना घरं विरळ होत जातात, शेतं लागतात, आणि एका वळणावर तो वास हेल्मेटच्या काचेखालून आत शिरतो. गोड, कोमट, थोडासा आंबूस. पिकून मऊ पडलेला चिकू तापल्या पत्र्यावर विसरून राहावा तसा. त्या वळणावर मी गाडी हळू करतो. मागचे हॉर्न वाजवतात. त्यांना काय सांगणार, की बाबांनो, या वासाने माझी एकदा भर गावात शोभा केलेली आहे.

माझी पहिली शाळा अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या एका गावात होती. सातवीपर्यंतची. सातवीनंतर पुढे काय, या प्रश्नाला गावात मुलांसाठी दूरच्या शाळेपर्यंत सायकल हे उत्तर होतं आणि मुलींसाठी घर. तिसरं एकच उत्तर होतं, ते म्हणजे निवासी शाळा. तिची प्रवेश परीक्षा पाचवीत असताना द्यायची, एकदाच. नंबर लागला तर बारावीपर्यंत राहणं, जेवणं, शिकणं सगळं तिथेच. नाही लागला तर सायकल किंवा घर. आमच्या गावातून तोवर कुणाचाच लागला नव्हता.

वनिताचा लागू शकत होता. दहा वर्षांची काटकुळी पोरगी, गुडघ्यांवर कायम खपल्या. तोंडी गणित विचारलं की माझा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर यायचं, मग मला उगाच प्रश्न पूर्ण करावा लागायचा. परीक्षा एप्रिलच्या पहिल्या रविवारी होती. मी मार्च लागताच जाहीर केलं, की पाचवीच्या सगळ्यांनी रात्री आठ ते दहा शाळेत अभ्यासाला यायचं. कंदील माझा, रॉकेल माझं, कळकळही माझीच. गाव भारावलं. मी तर आधीच भारावलेलो होतो.

पहिले दहा दिवस झकास गेले. मग मार्चच्या मध्यावर मुलांना काहीतरी झालं. कंदिलाभोवती बसलेली अकरा डोकी एकेक करून खाली यायला लागली. वनिताची झोप तर मोठी शिस्तीची होती. आधी अक्षरं तिरकी व्हायची. मग ओळ उतरणीला लागायची. मग पेन्सिल वहीच्या काठावरून खाली जायची, आणि शेवटी कपाळ भागाकारावर टेकायचं. तिची ती वही अजून डोळ्यांसमोर आहे. प्रत्येक पानावर वरची दोन गणितं सरळ उभी, आणि खालची सगळी तलावाकडे निघालेली.

"वनिता, डोळ्यांना पाणी लाव," मी म्हणायचो. ती उठायची, माठाजवळ जाऊन पाणी लावायची आणि परत येऊन ओल्या डोळ्यांनी झोपायची. उभं करून पाहिलं. ती भिंतीला टेकून उभ्याने झोपली. मग मी माझ्या बुद्धीचा कळस गाठला. स्टोव्ह आणला आणि रात्री नऊच्या ठोक्याला अकरा जणांना एकेक कप कोरा चहा पाजायला लागलो. दहा वर्षांच्या लेकरांना निजायच्या वेळी कोरा चहा पाजणारा जिल्ह्यातला मी पहिलाच शिक्षक असेन. शेवटचाही असेन अशी आशा आहे. त्या चहाने मुलं कंदिलाशी पेंगायची थांबली नाहीत, पण घरी जाऊन अंथरुणावर तास तासभर टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहायची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दिवसाच्या वर्गातही तेच. खिडकीजवळची रांग दुपारी लवंडायची, आणि मुलांच्या जवळ गेलं की तो गोड वास. मी दोन आणि दोन जोडले, पाच केले, आणि पालकसभा बोलावली.

सभा ग्रामपंचायतीच्या ओसरीवर भरली होती. माझं भाषण संपलं तेव्हा आधी शांतता पडली. मला वाटलं, घाव बरोबर बसला. मग मागून एक बाई खुदकन हसली, आणि मग ओसरीच हसली. एक म्हातारे डोळे पुसत शेजाऱ्याला विचारत होते, "काय बोलून राहिला हा मास्तर?" शेजारी सांगू शकत नव्हता, कारण त्यालाही हसू आवरत नव्हतं.

हसली नाही ती एकटी वनिताची माय. कमरेला पदर खोचलेली, उन्हानं रापलेली, आवाज असा की तलावाच्या त्या पाळीवरून या पाळीवर पोचावा. ती उभी राहिली.

"गुर्जी, तुमी सकारी किती वाजता उठता?"

"साडेसहाला," मी म्हणालो. खरं उत्तर साडेसात होतं.

"मंग उद्या चारले उठा. मोहाखाली या. पोट्टे कोनती दारू पितेत ते दाखवतो तुमाले."

ती रात्र मी जवळपास बसूनच काढली, कारण झोपलो तर चारला उठेन याची मला स्वतःबद्दल खात्री नव्हती. पहाटे टॉर्च घेऊन पाळीवरून निघालो. हवेत गारवा होता, मार्चातला, अंगावर घ्यावासा वाटणारा. पाळ उतरलो तशी समोरच्या रानात ठिकठिकाणी उजेडाचे ठिपके दिसले. प्रत्येक मोहाखाली एक कंदील, आणि प्रत्येक कंदिलाभोवती एक कुटुंब. झाडांखालचा पालापाचोळा आदल्या दिवशीच जाळून जमीन काळी, स्वच्छ केलेली, म्हणजे पडलेलं फूल चटकन दिसावं. आणि त्या काळ्या जमिनीवर फुलं पडत होती. टप. थांबून पुन्हा टप. फिकट पिवळी, मांसल, दव प्यालेली. मोह उजाडायच्या आधी पडतो आणि उजाडता उजाडता वेचावा लागतो. उन्हं वर आली की शेळ्या आणि गुरं आधी पोचतात. तीन-चार आठवड्यांचा खेळ. त्या आठवड्यांत घरातल्या प्रत्येक हाताला काम असतं, आणि लहान हात तर फार कामाचे, कारण त्यांना वाकावं लागत नाही.

मी टॉर्च फिरवला. माझ्या हजेरीपटावर कधी भरली नव्हती ती हजेरी तिथे भरली होती. अकराच्या अकरा. एकही पेंगत नव्हता.

वनिता तर मला ओळखूच आली नाही. टोपली काखेत, वेणी वर बांधलेली, दोन्ही हातांनी फुलं उचलत, शेजारच्या झाडाखालच्या पोराला चिडवत ती अशी सरसर फिरत होती, की ही कोण, असं मला वाटून गेलं. कित्येक दिवस मी तिला कंदिलाशी पेंगताना पाहत होतो, आणि इतकी जागी ती मला पहिल्यांदाच दिसत होती.

"गुर्जी, बाजूले सरा ना," ती म्हणाली. "फुलावर उभे आहा."

सरलो.

तिची माय टोपली खाली ठेवून आली. "पाहली दारू?"

मी टॉर्च बंद केला.

"इतल्या सकारी उठते म्हून आंधी दिवा लागला का झोपत होती. जेवन झालं का आडवी. आता तुमी दहाले सोडता. मंग घरी येऊन नुसती छताकडे पाहत रायते. म्हनते, गुर्जीनं चहा देल्ला. काऊन जी, इवल्याशा पोरीले राती चहा देऊन राहिले? किती झोप झाली तिची, तुमीच करा हिसाब. तुमी गनित शिकवता ना."

भागाकाराचीही गरज नव्हती, साधी वजाबाकी होती. अकराला डोळा लागणार, चारला उघडणार. दहा वर्षांच्या वाढत्या अंगाला पाच तास. आणि मी, ज्याची उंची वाढायची कधीच थांबली होती, तो अकरा ते साडेसात अंथरुणात. तिथेच उभ्या उभ्या मी म्हणालो, "निदान परीक्षेपर्यंत वनिताला मोहाला नेऊ नका."

"असं म्हनता? मोह काही परीक्षा पाहून पडत नाही, गुर्जी. मी माहा मोह सोडू, का तुमी तुमची रात सोडता?"

मी रात्र सोडली.

मुलांची झोप ही किती गमतीची गोष्ट आहे, हे कळायला मला स्वतःचं मूल व्हावं लागलं. माझी मुलगी निधी साडीच्या झोक्यात होती तेव्हा दिवसाला सोळा-सतरा तास झोपायची, पण ते तास तिने असे विखरून ठेवले होते, की आम्हा नवराबायकोच्या हाती सलग दोन लागत नव्हते. चार वर्षांची झाली तशी रात्रभर झोपायला लागली, मात्र झोपायच्या आधी गोष्ट हवी. गोष्ट मी सांगायचो. राजा शिकारीला निघायचा आणि मी घोरायला लागायचो. मग ती आईला हाक मारायची, "आई, पप्पांना झोपवलं मी, आता माझ्याजवळ तू ये." सात-आठ वर्षांची असताना रात्री नऊ म्हणजे नऊ. जेवता जेवताच मान डोलायची, हातात घास तसाच. तिला उचलून अंथरुणात ठेवलं की अंग कसं सैल, जड, विश्वासाचं लागायचं. शाळेचा फ्रॉक दर जूनला आखूड होतो, तेव्हा आपण मुलाला दटावत नाही, नवा शिवतो. झोपेचंही माप बदलत जातं. पण ते अंगावर दिसत नाही म्हणून आपण जुनंच माप ओढून ताणून घालत राहतो आणि शिवण उसवली की मुलाला रागावतो. हे वाक्य मी आता फार आत्मविश्वासाने लिहितो आहे, पण ते मला सुचलेलं नाही. ते कुणी ऐकवलं, ते पुढे येईलच.

रात्रीची अभ्यासिका बंद केली तसा गावात निरोप धाडला, की दिवा लागला की पाचवीची मुलं झोपलेली पाहिजेत. पण चारला उठणारी मुलं दुपारी ढेपाळायचीच. उन्हाळ्यातली सकाळची शाळा लागून मुलं दुपारी घरी जायला अजून पंधरा दिवस होते. मग मी वेळापत्रकात एक नवीन तास घातला. दुपारी खिचडी झाली की पाऊण तास झोप. पट्ट्या अंथरायच्या, खिडक्या अर्ध्या लोटायच्या, दप्तरं उशाला. पहिल्या दिवशी मुलांना वाटलं, गुर्जी परीक्षा पाहताहेत. डोळे मिटून पापण्यांच्या फटीतून माझ्याकडे बघत पडली. दुसऱ्या दिवशी त्यांचा विश्वास बसला.

तो पाऊण तास मला माझ्या सगळ्या नोकरीतला सर्वात चांगला तास वाटतो. बाहेर ऊन रखरखत असायचं, शाळेमागच्या पळसाची शेवटची फुलं गळत असायची, आणि आत अकरा मुलं एका लयीत श्वास घेत असायची. कुणाच्या ओठाला खिचडीचं शीत चिकटलेलं. कुणाची मूठ घट्ट मिटलेली, जणू स्वप्नातही फूल सांडू नये. अंगाला तोच मोहाचा वास, ज्यावरून मी एवढी मोठी सभा घेतली होती. आता तो वास मला गुंगी आणायचा. आणायचा म्हणजे काय, आणायचाच. चौथ्या दिवशी मीही खुर्चीत मान टाकली.

नेमक्या त्याच दिवशी केंद्रप्रमुख भेटीला आले. त्यांनी दारात चपला काढल्या, आत पाहिलं, घसा खाकरला. अकरा मुलं उठून उभी राहिली. बारावा उठला नाही. शेवटी वनिताने माझा खांदा हलवला.

"गुरुजी," केंद्रप्रमुख थंड आवाजात म्हणाले, "हा कोणता तास?"

"कार्यानुभव, सर," माझ्या तोंडून निघून गेलं.

लेखी खुलासा मागितला. मी खरं ते लिहिलं. मोह, पहाट, पाच तास, चहा, सगळं. शेवटी लिहिलं, की मुलांचं झोपणं योजनेनुसार होतं, शिक्षकाचं योजनेबाहेर होतं. त्या खुलाशाचं पुढे काय झालं, ते मला आजवर कळलं नाही. कदाचित वाचता वाचता त्यांनाही डुलकी लागली असेल. पण मला त्याची फिकीर नव्हती, कारण माझ्याकडे यावेळी खरा पुरावा होता. वनिताची वही. पानाच्या तळाशी गेलेले भागाकार दर दिवशी थोडे थोडे वर उठत होते. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात पानाची शेवटची ओळ पहिल्या ओळीइतकीच सरळ होती.

परीक्षा अर्जुनीला होती. सकाळी साडेसहाची एसटी गावातून सुटायची आणि ती गेली की पुढची थेट नऊला, म्हणजे पेपर सुरू झाल्यावर पोचणारी. पाचवीतली चौघं परीक्षेला बसणार होती, त्यांना मी घेऊन जाणार होतो. गजराचं घड्याळ मी खास या दिवसासाठी घेतलं होतं, डोक्यावर दोन घंटा असलेलं, चावीचं. आदल्या रात्री गजर लावला. मग वाटलं, वाजतोय ना पाहू. वाजला. खात्रीसाठी पुन्हा पाहिलं. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा घरमालकिणीला दाखवायला वाजवला, चौथ्यांदा तिच्या नातवाला. मग समाधानाने झोपलो. गजराची चावी तिथेच संपली होती.

दारावर धाडधाड थापा पडल्या तेव्हा सहा वाजून गेले होते. दार उघडलं. वनिता. न्हालेली, तेल थापलेलं, दोन वेण्यांना लाल रिबिनी, हातात पाण्याचा लोटा. मायने तिला तीन दिवस मोहाला नेलं नव्हतं, भरपूर झोपू दिलं होतं. पण डोळे सवयीने लवकर उघडले होते, आणि सगळी आवरून ती स्टँडवर माझी वाट पाहून परत फिरली होती.

माझ्याकडे तिने क्षणभर पाहिलं. अंगात बनियन, गालावर उशीची घडी.

"गुर्जी," ती म्हणाली, "डोऱ्याले पानी लावून देऊ का?"

एसटी मिळाली. मी तोंड गाडीत धुतलं, त्याच लोट्यातल्या पाण्याने. वाटेत बाकीची तिघं धास्तावून पाठ केलेलं पुटपुटत होती, ती मात्र खिडकीतून झाडं बघत होती. कुठल्या झाडाखाली किती फुलं पडली, ते मला सांगत होती. परीक्षेच्या दाराशी मी तिला शेवटच्या दहा सूचना दिल्या. त्यातली एकही तिने ऐकली असेल असं वाटत नाही. ताजी होती पोरगी. डोळे स्वच्छ, पाणी न लावलेले.

यादी उन्हाळ्यात लागली. तिचा नंबर होता. मी सायकल फेकत तिच्या अंगणात शिरलो, तिथे मोह वाळत पडला होता, तपकिरी होत आलेला. मायने बातमी ऐकली, खाली बसली, वाळलेली फुलं हाताने सारखी करत राहिली. मग म्हणाली, "आता पुढच्या मोहाले एक हात कमी." आणि पदर डोळ्यांना लावला. वनिताने एकच प्रश्न विचारला.

"तिथं राती किती वाजता झोपवतेत, गुर्जी?"

"नऊला."

"मंग चांगलं आहे," ती म्हणाली, आणि फुलं पालथी करायला बसली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण शिक्षकाच्या हाती गोष्ट पडली की तो तिच्यातून तात्पर्य काढल्याशिवाय राहत नाही, आणि मी वीस वर्षं नेमकं चुकीचं तात्पर्य काढत आलो. प्रत्येक वर्गात सांगायचो, "वनिता नावाची मुलगी होती. पहाटे चारला उठायची. म्हणून कुठल्या कुठे गेली." मुलं माना डोलवायची. झोपेचा भाग सांगायला मी विसरायचो, कारण त्या भागात मी स्वतः फार वेळा यायचो.

यंदा निधी नववीत. चौदा वर्षांची. रात्री साडेअकरा-बारापर्यंत हिचे डोळे लख्ख, आणि सकाळी साडेसहाला हाक मारली तर विहिरीच्या तळातून ओ येते. मी म्हणालो, ही बिघडली, मोबाईलने बिघडली. वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या तसा मार्चमध्ये फर्मान काढलं, की पहाटे चारला उठून अभ्यास. वनितासारखं. रात्री झोपायला बाराच, कारण लवकर पडली तरी तिला झोप यायचीच नाही. चारला मी तिला उठवायचो, टेबलावरचा दिवा लावून द्यायचो, पाणी आणून ठेवायचो, आणि परत जाऊन झोपायचो. अभ्यास तिचा होता.

आठवड्याने समोरच्या किराणा दुकानाच्या काकांनी मला रस्त्यात थांबवलं. "मास्टरजी, रोज चार बजे आपके घर की बत्ती जलती है. कोई बीमार है क्या?" मी अभिमानाने खरं सांगितलं. ते म्हणाले, "बच्ची को सोने दो ना, मास्टरजी." मी हसलो. किराणावाल्याला शिक्षणातलं काय कळणार.

मग चाचणीत तिने गणिताचा पेपर अर्धा कोरा सोडला. पेपर अवघड नव्हता. ती पेपरवर डोकं टेकून झोपली होती. बाईंनी उठवलं तेव्हा वीस मिनिटं उरली होती. माझ्या बायकोने, रंजनाने, तो पेपर माझ्यासमोर ठेवला. पानावर वरची तीन गणितं सरळ होती. चौथं तिरकं. पाचवं तलावाकडे निघालेलं.

ती ओळ मी ओळखली. कुठे पाहिली ते आठवत असूनही दोन दिवस आठवून घेतलं नाही. माणूस स्वतःची चूक पुन्हा पाहिली की अनोळखी असल्यासारखा वागतो.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, वनिता आली. दर वर्षी येते, वाळलेल्या मोहाची पिशवी घेऊन. आता ती नर्स आहे, एका आरोग्य उपकेंद्रात. गावोगावच्या मायांना लेकरांचं खाणं, टोचणं, झोपणं समजावून सांगते. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि निधी सोफ्यावर पुस्तक छातीवर घेऊन गाढ झोपली होती.

"हे आता काऊन झोपली?" वनिताने चपला काढता काढता विचारलं.

"पहाटे चारला उठते ना," मी म्हणालो. "तुझाच आदर्श. वर्गात सगळ्यांना तुझंच नाव सांगतो मी."

वनिताने पिशवी खाली ठेवली. तिच्या मायसारखीच उभी राहिली, कमरेवर हात. "गुर्जी, मी चारले उठत होतो म्हून पास नाही झालो. मी साडेसातले झोपत होतो म्हून पास झालो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. रंजना ऐकत होती.

"दहा वर्षांच्या लेकराले दिवा लागला का झोप येते," वनिता सांगू लागली. "चवदाव्या वर्षी नाही येत. या वयात झोपच उशिरा येते, ते काही तिचा हट्ट नाही. फ्राक आखूड झाला तर तुमी पोरीले मारता का? नवा शिवता ना? मंग झोपेचं मापही नवं घ्या. साडेनवाले फोन बाहेर ठेवा, तुमचाबी. बत्त्या कमी करा. दहा-साडेदहाले येते झोप, मी सांगतो. अन् सकारी साडेसहाच्या आंधी तिले हात लावू नका. आठ-नऊ घंटे लागतेत या अंगाले. सुट्टीच्या दिवशीबी फार इकडेतिकडे नको. अन् दिवस बुडताना असं झोपू देऊ नका, राती मंग जागतच रायते."

"आणि अभ्यास?"

"जागी असली का करते ना. तुमी मले जागी पाहली होती का नाही, मोहाखाली?"

पाहिली होती.

त्या रात्री साडेनऊला घरातले तीन फोन स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या मांडणीवर गेले. पहिले चार दिवस निधी अकराला झोपली, मग पावणेअकराला, मग साडेदहाला. आम्ही तिच्या खोलीचा दिवा पिवळा केला, बाहेरचा टीव्ही बंद. त्याचा त्रास फक्त मला झाला. सकाळी साडेसहाला ती पहिल्या हाकेला उठायला लागली नाही, खोटं कशाला सांगू, पण तिसऱ्या हाकेला उठायला लागली, आणि उठल्यावर जागी असायला लागली. नाश्त्याला भांडायला लागली. भांडणारं मूल म्हणजे झोप झालेलं मूल, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगतो.

वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर पूर्ण लिहिला तिने. घरी आल्या आल्या मी प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि उत्तरं सोडून तिच्या मागच्या कच्च्या गणितांची शेवटची ओळ पाहिली. सरळ होती. एका पट्टीने आखावी इतकी.

संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. वनिताने आणलेला मोह रंजनाने धुऊन, तीळ-गूळ घालून परतला होता, त्याची वाटी मधे. तोच वास. मी निधीला सगळी गोष्ट पहिल्यांदाच पूर्ण सांगितली. सभा, चहा, मोहाखालची हजेरी, केंद्रप्रमुख, गजर, लोटा, काही गाळलं नाही. शेवटी, सवयीप्रमाणे, तात्पर्याकडे वळलो. म्हणालो, "बघ निधी, झोपेची किंमत मला या सगळ्यातून कळली."

निधीने वाटीतली शेवटची फुलं उचलली, चावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा, या अख्ख्या गोष्टीत रोजची झोप पूर्ण झालेला माणूस एकच आहे. तुम्ही."